सिंदखेडराजा: दोन घरं आणि मधली जिजाऊ

ट्रायँगल म्हटलं की दोन जिवलग मित्र आणि मध्ये एक मुलगी, हेच आठवतं ना? आजचा त्रिकोण बुलढाणा जिल्ह्यातला आहे. यात मुलगी आहे, दोस्ती आहे, पण प्रियकर कुणीच नाही. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला सासर.

सिंदखेडचे लखुजी जाधव निजामशाहीतले बडे सरदार. वेरूळचे मालोजी भोसले त्यांच्याकडे शिलेदार, घरोबा चांगला. बखरी सांगतात, रंगपंचमीला लखुजींच्या वाड्यात छोटी जिजाऊ आणि मालोजींचा शहाजी एकमेकांवर रंग उडवत होते. लखुजी हसत म्हणाले, जोडा शोभतो! मालोजी लगेच उठले: मंडळी, साक्षी राहा, सोयरीक ठरली!

गंमत तिथेच संपली. शिलेदाराच्या घरी मुलगी? लखुजींची बायको भडकली आणि दोस्ती तुटली. पुढे मालोजींचा दर्जा वाढला, तेव्हा कुठे लग्न झालं. अनेक इतिहासकार या प्रसंगाला दंतकथाच मानतात. पण तेव्हा सोयरीक कशी ठरायची, ते यातून कळतं. मान पाहिला जायचा, मुलीला कुणी विचारत नव्हतं.

खरी परीक्षा लग्नानंतर आली. निजामशाही दरबार सुटताना खंडागळे सरदाराचा हत्ती उधळला. त्याला आवरण्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले. जिजाऊंचा भाऊ दत्ताजी मारला गेला, शहाजींचा चुलतभाऊ संभाजीही. खुद्द शहाजी सासऱ्याच्या वाराने जखमी झाले, असं सांगतात. आता सांगा, जिजाऊंनी कुणासाठी रडायचं? भावासाठी की नवऱ्यासाठी? त्या काय बोलल्या, हे बखरकारांना लिहावंसं वाटलं नाही.

मग 25 जुलै 1629. देवगिरीला निजामशाहाच्या दरबारात लखुजी, त्यांचे दोन मुलगे आणि नातू यांची दगा देऊन हत्या झाली. 19 फेब्रुवारी 1630 ला शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. तारखा जुळवून बघा. माहेर असं कापलं गेलं, तेव्हा शिवबा पोटात होते. आणि ज्या सासऱ्याशी वैर झालं होतं, त्याच्या हत्येनंतर शहाजींनी निजामशाही सोडली.

लखुजींची भव्य समाधी आजही सिंदखेडराजात उभी आहे. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीला गेलात, तर तिथेही जाऊन या. दोन घरांचं भांडण आपण नेहमी पुरुषांच्या बाजूने ऐकतो. तिथे उभं राहून एकदा मुलीच्या बाजूने आठवा. भेटू पुढच्या भागात!