चांदबिबीच्या हातात सतार कुणी दिली?

नागापूरला आमच्या मंडळाने एका गणपतीत चांदबिबीवर देखावा केला. मागे थर्माकोलचा भुईकोट किल्ला, पुढे घोड्यावरची चांदबिबी, आणि माइकवर मी. ‘ती अनेक भाषा बोलायची, सतार वाजवायची,’ हे वाक्य मी मोबाइलवरून जसंच्या तसं उचललं होतं. आरती झाल्यावर भजनात पेटी वाजवणारे एक काका जवळ आले. म्हणाले, “पोरा, सतार? तेव्हा होती का रे सतार?”

मी हसून वेळ मारून नेली. घरी येऊन शोधत बसलो, तर काकांचा नेम बरोबर लागलेला. आज आपण जिला सतार म्हणतो ते वाद्य आकाराला आलं 18व्या शतकात, तेही दिल्लीकडे. चांदबिबीचा जन्म 1550चा. 1595-96 मध्ये तिने मुघलांविरुद्ध नगरचा किल्ला लढवला आणि 1600च्या सुमारास ती मारली गेली. म्हणजे मी तिच्या हातात अजून जन्मालाच न आलेलं वाद्य दिलं होतं. (तसं आपण नगरकर ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतो, तीही दुसऱ्या सलाबतखानाची कबर आहे. तिच्या नावावर आपण काहीही खपवतो.)

मग तिच्या कानावर काय पडत असेल? तेव्हाचं ध्वनिमुद्रण नाही, पण चित्रं आहेत.

एक चित्र प्रागच्या नाप्रस्टेक संग्रहालयात आहे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह तंबूर वाजवतोय. 1600च्या आसपासचं हे चित्र फारुख बेगचं मानतात. इब्राहिम 1580 मध्ये नऊ वर्षांचा असताना गादीवर आला, तेव्हा कारभार सांभाळला तो चांदबिबीने. ती त्याची काकू. हाच पोरगा पुढे ‘किताब-ए-नवरस’ लिहितो आणि आपल्या तंबुराला ‘मोतीखान’ असं माणसासारखं नाव देतो. चित्रातलं वाद्य लांब दांडीचं आहे. माझा अंदाज असा, की अशाच कुठल्या वाद्याला नंतरच्या कुणीतरी ‘सतार’ म्हटलं आणि पुढे सगळे तेच उतरवत गेले. पण तिने ते वाजवलं, याचा पुरावा हे चित्र देत नाही.

शब्द असे फसवतात. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा वीणा वाजवतो. ती धनुष्यासारखी वाकलेली आहे. कॅलेंडरवरच्या सरस्वतीच्या वीणेशी तिचं काही नातं दिसत नाही. शब्द तोच राहिला, वाद्य बदललं. हे पोथीत वाचून कळलं नसतं, नाणं बघावंच लागतं.

चित्रालाही मर्यादा आहेतच. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात दख्खनी रागमालेतलं हिंदोल रागाचं चित्र आहे, 16व्या शतकाच्या अखेरचं. काही अभ्यासक ते अहमदनगरशी जोडतात. त्यात झोपाळा आहे. आजच्या हिंदोलात रिषभ आणि पंचम नसतात, मध्यम तीव्र असतो. यातलं काहीही त्या झोपाळ्यावरून कळणार नाही. हिंदोल हे नाव ऐकलं की त्या काळच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येत होतं, तेवढं मात्र कळतं. मला तेही कमी वाटत नाही.

आणि चित्रं खोडलीही जातात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची सचित्र पोथी आहे. हुसेन निजामशाहशेजारी बसलेली त्याची राणी खुंझा हुमायून अनेक चित्रांत नंतर पुसून टाकलेली दिसते. पुढे तिच्याच मुलाने, मुर्तजाने, तिला कैदेत टाकलं होतं. ही चांदबिबीची आई. जिथे राणीच खोडली गेली, तिथे तिच्या लेकीच्या हातातल्या वाद्याचं चित्र कुठे शोधायचं?

पुढच्या वर्षी मी ते वाक्य निवेदनातून काढलं. मंडळातली पोरं वैतागली. “सतार राहू दे ना, लोकांना पटकन कळतं.” काकांना मात्र मी प्रागचं ते चित्र मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, दांडीवर नजर रोखली आणि म्हणाले, “थांब, पडदे दिसतात का बघू दे.”