प्रश्न विचारणारा श्रोता

३० मे १९३५ रोजीं न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधून 'अमेरिकाज टाउन मीटिंग ऑफ दि एअर' ही सभा नभोवाणीवर सुरू झाली. फॅसिझम, साम्यवाद, समाजवाद कीं लोकशाही, अमेरिकेनें कोणता मार्ग धरावा, हाच पहिला विषय होता. अध्यक्ष रूझवेल्ट यांचें भाषण ऐकण्यासही तयार नसलेल्या एका शेजाऱ्यामुळें संचालक जॉर्ज डेनी यांस ही कल्पना सुचली, असें सांगतात. परस्परविरुद्ध मतांचे वक्ते एकाच व्यासपीठावर बोलत. नंतर सभागृहांतील सामान्य नागरिक त्यांस प्रश्न विचारीत. १९४८ सालीं ही सभा दूरचित्रवाणीवरही आली, पण तेथें ती स्थिरावली नाहीं. नभोवाणीवर मात्र १९५६ पर्यंत चालली. लोकशाहींत वक्त्यांची उणीव क्वचितच भासते. प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकून घेऊन मग प्रश्न करणारा श्रोता मात्र घडवावा लागतो. या सभेनें तेंच कार्य एकवीस वर्षें केलें.