घोरपड आणि हरिता

इंदापूर तालुक्यातील शेळगावचा परिसर पर्जन्यछायेतला. एकीकडे कडबनवाडीची गवताळ माळराने, दुसरीकडे नीरा डाव्या कालव्यावर पोसलेली उसाची शेते. माळावर घोरपडीचे बीळ असावे आणि पावसाळ्यात विहिरीच्या दगडी पायऱ्यांवर हरितेचा, म्हणजे मॉसचा, हिरवा थर चढावा, असा हा मुलूख. घोरपड संकटात आहे म्हटले तर कोणी शंका घेणार नाही. हरितेविषयी तसे म्हटले तर हसू येईल. या फरकाचे मूळ जीवशास्त्राइतकेच आपल्या वाङ्मयातही आहे, असे आम्हांला वाटते.

घोरपडीला इतिहास लाभला. १६७० साली कोंढाण्याचा कडा चढताना यशवंती घोरपड वापरल्याची कथा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने घरोघर पोचवली. सभासदाच्या बखरीत मात्र मावळे वानरांप्रमाणे कडा चढतात. घोरपड तिथे नाहीच. तरीही लोकस्मृतीने पोवाडाच स्वीकारला. घोरपडे घराण्याने तर आडनावातच हा प्राणी जपला.

हरितेला लोकभाषेत स्वतंत्र नावही नाही. 'शेवाळ' या एकाच शब्दात पाण्यावरचे शैवलही येते आणि दगडावरची हरिताही. ज्ञानेश्वरीत मायेच्या दृष्टान्तासाठी आलेली बाबुळी हीदेखील पाणी झाकणारे शैवलच. खरी मुळे नसलेली, उन्हाळ्यात वाळून पहिल्या सरींनी पुन्हा हिरवी होणारी हरिता पाठ्यपुस्तकाबाहेर फारशी आलीच नाही.

कायद्यातही हेच दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. १९९१ च्या दुरुस्तीने सहा वनस्पतींना संरक्षण मिळाले. त्यांत हरिता एकही नव्हती. युरोपात मात्र २०१९ साली हरिता व तिच्या सगोत्र वनस्पतींची मोजदाद झाली, तेव्हा त्यांतील सुमारे २२ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले.

अर्थात नावाने जीव वाचतोच असे नाही. दुर्मीळ वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जाणारी 'हाथाजोडी' प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते, हे २०१७ साली जगासमोर आले. पोवाड्यात गाजलेला प्राणी असा वनस्पतीच्या खोट्या नावाखाली मारला जातो. आणि खरी वनस्पती निसरडी म्हणून पायरीवरून खरवडली जाते. पोवाडा शिकवताना आपण घोरपडीची ही कहाणी सांगावी, आणि विहिरीवरच्या त्या हिरव्या थराला हरिता म्हणायची सवय विद्यार्थ्यांना लावावी. मोजदादीची सुरुवात नावापासूनच होते.