बघणाऱ्यांचा किनारा

मागच्या उन्हाळ्यात फोन बदलला. जुने फोटो नव्या फोनवर आले आणि अ‍ॅपने सवयीप्रमाणे चेहऱ्यांची वर्गवारी सुरू केली. आई, पप्पा, बहीण, कंपनीतली पोरं. मग एका गोलात एक अनोळखी चेहरा आला आणि त्याखाली प्रश्न : ही व्यक्ती कोण आहे?

हे कसं चालतं ते मला माहीत आहे, पोटापाण्याचा धंदाच तो आहे. एकच चेहरा पुन्हा पुन्हा दिसला की मशीनला वाटतं, ही तुमच्या घरातली असणार. ती बाई डिसेंबर 2017मध्ये हरमलच्या किनाऱ्यावर झोपलेली होती. परदेशी, चाळिशीची असेल, पोहायच्या कपड्यांत, टोपी कपाळावर ओढलेली. इंजिनीअरिंग झाल्यावर आम्ही पाच जण वाळूजवरून गाडी काढून गेलो होतो. मित्र म्हणाला, "आबे, सेल्फी काढायलो असं दाखव, म्हणजे कळत नाही." फोन माझा, हात त्याचा. सहा फोटो, एकामागून एक. मी काढले नाहीत असं म्हणायची सोय आहे. पण ग्रुपवर टाकले ते मीच.

त्या प्रश्नानंतर काही महिने मी एका विचित्र विषयावर वाचत राहिलो : सार्वजनिक किनाऱ्याचा एखादा तुकडा, जिथे कपडे घालायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, अशी सोय जगात कुठे कुठे झाली, आणि आपल्याकडे का झाली नाही? झटपट उत्तर तयार असतं : आपली संस्कृती. हे उत्तर मला पटत नाही, कारण मी बजाजनगरचा आहे आणि वेरूळ आमच्यापासून तासाभरावर आहे.

आमच्याकडच्या प्रत्येक शाळेची एक तरी सहल वेरूळला जाते. तिसाव्यापासून चौतिसाव्यापर्यंतची लेणी जैन. बत्तिसाव्यात, म्हणजे इंद्रसभेत, बाहुबली उभे आहेत, पूर्ण नग्न. इतका काळ स्तब्ध उभे, की पायांवरून वेली चढल्या आहेत. आमची सहल तिथे पोचली तेव्हा पोरं फिदीफिदी हसली आणि सर म्हणाले, "चला, चला, पुढे चला." हजार-बाराशे वर्षांपूर्वी ज्याने ती मूर्ती कोरली, त्याला कुणी पुढे चला म्हटलं नसावं. नाशिकच्या कुंभमेळ्यात नागा साधू निघतात तेव्हा तर पोलीसच गर्दी बाजूला करतात. नग्नता आपल्याला ओळखीची आहे. मात्र आपण ती सगळं सोडून दिलेल्याला देतो. ऊन खायला, पोहायला, निव्वळ बरं वाटतं म्हणून कुणी मागितली की गोष्ट बदलते.

तशी मागणी करणारी जगातली पहिली ज्ञात संस्था कुठे निघाली असेल? मी जर्मनी म्हणालो असतो. निघाली ठाण्यात.

1891 साली चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड हा इंग्रज ठाण्याचा जिल्हा व सत्र न्यायाधीश होता. बायको वारलेली. त्याने 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' नावाची मंडळी स्थापन केली. सभासद तीन : तो स्वतः आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. माथेरानला आणि तुळशी तलावाकडे ते सुट्टी घालवायचे, विवस्त्र. हे आपल्याला कळतं ते क्रॉफर्डने इंग्लंडमधल्या एडवर्ड कार्पेंटर या लेखकाला लिहिलेल्या पत्रांमुळे. तुळशी तलाव मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून 1879मध्ये बांधून झाला होता, हे वाचून मी जरा थांबलो.

थांबायचं खरं कारण वेगळं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा झाला. लग्न झालेल्या मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा करायचं की नाही, यावर अख्खा महाराष्ट्र भांडत होता. टिळक सरकारी हस्तक्षेपाच्या विरोधात उभे होते. एकीकडे दहा वर्षांच्या मुलीच्या शरीरावर हक्क कुणाचा हा वाद, आणि त्याच इलाख्यात एक न्यायाधीश स्वतःच्या शरीराला मोकळी हवा मिळावी म्हणून नियमावली लिहीत होता. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या कानावरसुद्धा गेल्या नसतील.

भारतीय दंड संहितेचं कलम 294 असं होतं : सार्वजनिक जागी, इतरांना उपद्रव होईल असं अश्लील कृत्य केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. त्यातला 'इतरांना' हा शब्द महत्त्वाचा. चार भिंतींत तिघंच असतील तर इतर कोण? पण सत्र न्यायाधीशाच्या घरात नोकर नसतील असं होऊच शकत नाही. पाणी कुणी भरलं, जेवण कुणी वाढलं? त्यांना काय वाटलं हे कुठल्या पत्रात सापडायचं नाही. आणि माथेरानच्या उतारावर ठाकर, कातकरी लंगोटीवर लाकडं वाहत होते. त्यांच्या उघड्या अंगाला चळवळ म्हणायचं कुणाला सुचलं नाही, मलाही सुचलं नसतं.

1892मध्ये क्रॉफर्डची बदली रत्नागिरीला झाली आणि मंडळ मोडलं. 1894मध्ये तो वारला. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ पहिलं नग्नोद्यान निघालं 1903च्या सुमारास.

मराठीत हा विषय उघडपणे, स्वतःचं नाव घालून आणला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचा मुलगा, विल्सन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक. संततिनियमनाचं काम सोडणार नाही म्हणून 1925मध्ये नोकरी गेली. जुलै 1927मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि 1953 साली मरेपर्यंत चालवलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. हे मासिक घरी टेबलावर उघडं ठेवायची हिंमत त्या काळी किती वर्गणीदारांना झाली असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. आपल्याकडे निदान इन्कॉग्निटो मोड आहे.

र. धों. नग्नतेच्या चळवळीचे उघड समर्थक होते. शरीर झाकल्यामुळेच त्याच्याबद्दलचं कुतूहल रोगट होतं, अशी त्यांची विचाराची दिशा. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1931मध्ये दंड झाला. 1934च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि संपादकाने उत्तरं दिली, हा गुन्हा कसा, हा मुद्दा होता. खटला हरले, दंड भरला, पुढचा अंक निघाला. याच खटल्यांवर आमच्या गावच्या अजित दळवींनी 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिलं आणि अतुल पेठ्यांनी ते बसवलं.

र. धों.चं बहुतेक सगळं मला पटतं. एक गोष्ट मात्र त्यांच्यानंतर गोव्यात तपासली गेली आणि उत्तर वेगळं आलं.

19 डिसेंबर 1961ला गोवा मुक्त झाला. त्या दशकाच्या शेवटाकडे युरोप-अमेरिकेतले हिप्पी थंडीत कळंगुट, हणजूण, वागातोरला येऊन राहू लागले. त्यांच्यातले बरेच जण किनाऱ्यावर कपडे घालत नसत. कुणी परवानगी मागितली नाही, कुणी दिलीही नाही. गावातल्यांनी खोल्या भाड्याने दिल्या, पाव आणि मासे विकले. नापसंती होती, पण पैसाही येत होता.

मग बघे आले. नागडे हिप्पी दाखवायला इतर भागांतून बसगाड्या भरून पुरुष येऊ लागले, हे त्या काळाबद्दल लिहिणाऱ्या अनेकांनी नोंदवलं आहे. म्हणजे शरीर उघडं झालं आणि कुतूहल वाढलं. इतकं, की त्याची सहल निघाली. र. धों. यावर म्हणाले असते, की बघणारे तर पूर्ण कपड्यांत होते! आणि ते बरोबर आहे. नग्नसंघात सगळेच उघडे असतात, म्हणून नजर बोथट होते. किनाऱ्यावर एक जण उघडा आणि चाळीस जण पँटीत बेल्ट लावून उभे. बसमधून उतरलेल्या त्या चाळिसांना मी ओळखतो. आमच्या गाडीत पाच होतो, एवढाच फरक.

यात एक तिसरा पक्ष राहतो. किनारा हे काही लोकांचं कामाचं ठिकाण आहे. रापण ओढणारे रापणकार, मासळी सुकवणाऱ्या बायका. याच काळात, 1970च्या दशकात, ट्रॉलर्सच्या विरोधात मातान्ही साल्ढाणांच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर उतरले होते. किनाऱ्याजवळचं पाणी हातचं जात होतं. वाळूवर कुणी कपडे घालावेत हा त्यांच्या यादीतला पहिला प्रश्न नव्हता. पण त्यांना यातलं काहीही विचारून झालं नव्हतं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात 'जागृत गोंयकारांची फौज' चार्टर पर्यटनाविरुद्ध उभी राहिली, तेव्हा हा साचलेला राग बाहेर आला. किनाऱ्यांवर नग्नतेला मनाई असल्याचे फलक लागले. बघायला येणाऱ्यांना मनाई करणारा फलक कुणी लावला नाही.

जिथे हे रीतसर झालं तिथे काय केलं? सॅन दिएगोने 1974मध्ये ब्लॅक्स बीचचा एक भाग कपड्यांच्या सक्तीतून वगळला. गर्दी वाढली, वरच्या टेकडीवर राहणारे वैतागले, आणि 1977मध्ये शहरातल्या मतदारांनीच ती सवलत रद्द केली. गंमत म्हणजे उत्तरेकडचा भाग राज्य सरकारचा, शहराच्या हद्दीबाहेरचा. तिथे लोक तसेच वावरत राहिले. ब्रायटनमध्ये आयलीन जेक्स या नगरसेविकेने विषय लावून धरला, कडाडून विरोध झाला, मतदान झालं आणि 1 एप्रिल 1980ला किनाऱ्याचा ठरलेला पट्टा खुला झाला. तो अजून आहे. हद्द कळावी अशा पाट्या आहेत. ज्याला बघायचं नाही त्याने अलीकडे थांबावं. मला यात शरीरापेक्षा नगरपालिका आवडली. ज्यांचा किनारा, त्यांच्यासमोर विषय आला, भांडण झालं, मोजणी झाली.

असा पट्टा आपल्याकडे असावा का? असायला हरकत नाही, असं माझं मत. आधी त्या गावच्या ग्रामसभेत विषय यावा, आणि कपड्यांच्या नियमाआधी कॅमेऱ्याचा नियम व्हावा. आज नुसता पट्टा आखला तर प्राणिसंग्रहालय होईल, आणि तिकीट काढून आत कोण जाईल हे मला माहीत आहे.

कायदा अजून उघड्या अंगाकडेच बघतो. कलम 294 आता भारतीय न्याय संहितेत 296 झालं आहे, गाभा तोच. नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अवीक सरकार खटल्यात सांगितलं. विषय होता बोरिस बेकरचा एक फोटो. तरी नोव्हेंबर 2020मध्ये मिलिंद सोमण पंचावन्नाव्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावले, फोटो टाकला, आणि गुन्हा दाखल झाला. 1995च्या बुटांच्या जाहिरातीचा त्यांच्यावरचा खटला 14 वर्षं चालून निर्दोष सुटकेत संपला होता, म्हणजे त्यांना सवय असावी.

बघणाऱ्याबद्दल सरकार पहिल्यांदा स्पष्ट बोललं ते माझ्या वाचनात जानेवारी 2023चं. गोव्याच्या पर्यटन खात्याने सूचना काढली : अनोळखी पर्यटकांचे, विशेषतः ते ऊन खात किंवा पोहत असताना, त्यांच्या परवानगीशिवाय फोटो किंवा सेल्फी काढू नयेत. हिप्पी येऊन पन्नासेक वर्षं झाल्यावर. सूचनाच ती, पण माझा गुन्हा तिच्यात शब्दशः लिहिला होता.

त्याच वर्षी माझी बहीण मैत्रिणींबरोबर गोव्याला गेली. अंगात टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची पँट. आल्यावर आईला सांगत होती, की वाळूत बसलं की मागून पोरं समुद्राचा फोटो काढतात, आणि समुद्र नेमका आमच्याच डोक्यामागे असतो. मग त्यांनी दोन छत्र्या विकत घेतल्या आणि उघडून पाठीमागे ठेवल्या. "उन्हासाठी का?" आईने विचारलं. ती म्हणाली, "ऊन समोरून होतं गं." मी तिथेच बसून जेवत होतो. रविवार होता, बाहेर ओट्यावर पप्पा टॉवेल गुंडाळून नळाखाली आंघोळ करत होते, गल्लीतले येणारे-जाणारे त्यांना नमस्कार करत होते. त्या गल्लीत मी आईचे ओले केससुद्धा कधी पाहिलेले नाहीत.

ते सहा फोटो मी डिलीट केले. रिसायकल बिनमधून, बॅकअपमधून, जुन्या हार्ड डिस्कवरून. मग 2017च्या त्या ग्रुपवर, जिथे आता फक्त वाढदिवसाचे केक येतात, लिहिलं : हरमलचे ते फोटो कुणाकडे असतील तर काढून टाका रे. ग्रुपमध्ये अकरा जण. एकाने अंगठा दिला. एकाने हसण्याची इमोजी टाकली. एकाने विचारलं, "कोणते फोटो?" दुसऱ्याने त्याच्या सोयीसाठी त्यातला एक पुन्हा पाठवला.