३. गौनिलोचे बेट

गौनिलो हा फ्रान्समधील तूर शहराजवळच्या मार्मूतिए मठातला अकराव्या शतकातील ख्रिस्ती साधू. नॉर्मंडीतील बेक मठाच्या सेंट अँसेल्मने (१०३३–११०९) ‘प्रोस्लोगियन’ (१०७७–७८) या ग्रंथात मांडलेली युक्ती अशी : ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही, तो ईश्वर; तो केवळ मनातच असता, तर प्रत्यक्षात असणारा त्याहून थोर ठरला असता, म्हणून तो प्रत्यक्षातही असलाच पाहिजे. यावर गौनिलोने ‘मूर्खाच्या वतीने’ उत्तर लिहिले. (‘मूर्ख’ म्हणजे बायबलच्या स्तोत्रातला, ईश्वर नाही असे मनाशी म्हणणारा.) समुद्रात हरवलेले, सर्व बेटांहून संपन्न असे एक बेट कल्पिले, तर याच युक्तीने तेही खरोखर आहे असे मानावे लागेल, हा त्याचा आक्षेप. अँसेल्मचे प्रत्युत्तर : बेटाचे नसणे कल्पिता येते, ईश्वराचे येत नाही; म्हणून युक्ती ईश्वरापुरतीच खरी. हा आक्षेप आणि आपले उत्तर, दोन्ही मूळ ग्रंथाला जोडूनच नकलावीत, असे अँसेल्मने सांगितले. प्रतिपक्षाचा असा मान राखणे थोर मनाचे लक्षण आहे. गौनिलो स्वतः श्रद्धावान होता. त्याचा आक्षेप ईश्वरावर नसून युक्तिवादावर आहे, हे ध्यानात ठेवावे. – संपा.