भाड्याच्या घरातला गालिचा

1895 साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, डाल्टन गावाजवळ, कॅथरीन इव्हान्स या तरुणीने सुताचे गोंडे हाताने ओवून एक पलंगपोस केला. 1900 मध्ये तिने तसाच एक अडीच डॉलरला विकला. अमेरिकेतल्या भाड्याच्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेल्या कार्पेटचे मूळ या पलंगपोसात आहे. हातकामाची जागा यंत्रांनी घेतली, यंत्रे रुंद होत गेली आणि 1950च्या सुमारास खोलीभर पुरेल असा गालिचा त्यांवर निघू लागला. तोवर मोठा गालिचा मागावर विणलेला, बहुधा लोकरीचा आणि महाग असे. डाल्टनच्या यंत्राने विणकामच टाळले. तयार कापडात शेकडो सुया धागा खुपसतात आणि पाठीवर लेटेक्सचा थर देऊन तो पक्का करतात. हे पाठीचे कापड बरीच वर्षे बंगालच्या तागाचे असे. पुढे सलग नायलॉन धागा आला आणि भाव आणखी उतरले.

स्वस्ताईमुळे कार्पेट भाड्याच्या घरात शिरले. मात्र ते किती टिकावे, हे माझ्या मते हिशेबाने ठरवले. निवडतो घरमालक, चालतो भाडेकरू. अमेरिकेच्या करनियमांत भाड्याच्या निवासी इमारतीचा घसारा साडेसत्तावीस वर्षांत मोजतात, तिथल्या कार्पेटचा पाच वर्षांत. पाच वर्षांत कागदावरून उतरणाऱ्या वस्तूवर जास्त खर्च करावा असे मालकाला का वाटेल? सरकारी विमा असलेल्या गृहकर्जांसाठी कार्पेटचे आणि त्याखालच्या पॅडचे वेगवेगळे किमान दर्जे ठरवले गेले, म्हणजे पॅडचे महत्त्व अधिकाऱ्यांनी ओळखले होते. तरी काटकसर आधी तिथेच होते, कारण ते दिसत नाही. पूर्वी पॅड जनावरांच्या केसांचे आणि तागाचे असे. आता बहुधा फोमचे तुकडे दाबून चिकटवलेले असते. त्याचा कस जाडीपेक्षा घनतेत आहे. जाड, मऊ पॅडवर पाऊल रुतते, कार्पेटची पाठ दर पावलाला वाकते, लेटेक्स तडकतो, सांधे उसवतात. अर्ध्या इंचाच्या आतले घट्ट पॅड साध्या कार्पेटलाही तारून नेते.

भाडेकरू काहीतरी सांडणार, कुत्री-मांजरे घाण करणार, मग चांगले पॅड कशाला, असे मालक म्हणतात. पण सांडलेले पाणी पॅडमध्ये मुरले की वास जात नाही आणि दोन्ही थर उखडावे लागतात. म्हणूनच वर ओलावा अडवणारा पडदा असलेले पॅड घ्यावे. कार्पेटच नको, व्हिनाइल टाका, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तळमजल्यावर, स्वयंपाकघरात मला तो मान्य आहे. मात्र लाकडी सांगाड्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे प्रत्येक पाऊल खाली ऐकू येते. न्यूयॉर्कच्या अनेक भाडेकरारांत जमिनीचा मोठा भाग गालिच्याने झाकण्याची अट असते, ती याचसाठी. शेजाऱ्याची झोप हाही टिकाऊपणाइतकाच खरा निकष आहे.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार नेहमीच्या वापराने झालेली झीज भाडेकरूच्या डिपॉझिटमधून वसूल करता येत नाही. तिथे भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी घराचा ताबा घेतानाच कार्पेटचे फोटो काढावेत आणि ते केव्हा बसवले हे मालकाकडून लेखी घ्यावे.