वेगवान मोटारीसाठी इंजिन ब्लॉकची निवड

मोटारीची ताकद वाढवायची म्हटले, की बहुतेकांचे लक्ष प्रथम टर्बोचार्जर किंवा कॅमशाफ्टकडे जाते. हे भाग पुढे केव्हाही बदलता येतात. मात्र सिलिंडर आणि क्रँकशाफ्ट यांना आधार देणारा ब्लॉकच चुकीचा निघाला, तर त्यावर केलेला सारा खर्च वाया जातो. त्यामुळे किती शक्ती हवी, याबरोबरच ब्लॉक किती दाब सोसेल, हे आधी पाहावे लागते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीचे ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिन. १९५५ मध्ये ते २६५ घन इंच, म्हणजे सुमारे ४.३ लिटर क्षमतेसह बाजारात आले. १९६७ मध्ये कॅमारो मोटारीत आलेली ३५० घन इंची आवृत्ती हौशी मंडळींमध्ये विशेष लोकप्रिय ठरली. या बिडाच्या ब्लॉकमध्ये क्रँकशाफ्ट धरून ठेवणाऱ्या बेअरिंग कॅपना दोन किंवा चार बोल्ट असतात. चार बोल्टच्या प्रकारात मधल्या तीन कॅपना जादा बोल्ट मिळतात आणि अधिक फेऱ्यांवर त्या हलण्याचा धोका घटतो. ब्लॉकवर ओतलेल्या क्रमांकावरून हा फरक कळेलच असे नाही. ३९७००१० हा क्रमांक दोन्ही प्रकारांवर आढळतो. ऑइल पॅन काढून पाहणे हाच खात्रीचा उपाय होय.

या ब्लॉकच्या सिलिंडरचा मूळ व्यास ४ इंच असतो. तो ०.०३० इंचाने वाढवून ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट बसवला, की प्रसिद्ध ३८३ घन इंची इंजिन तयार होते. परंतु ओतकामाच्या वेळी साच्यातील गाभा किंचित सरकला असल्यास सिलिंडरची भिंत एका बाजूस पातळ राहते. अशी भिंत दाबाखाली आकार बदलते, पिस्टन रिंगांची पकड सुटते आणि प्रसंगी तडा जाऊन पाणी आत शिरते. म्हणूनच बोअरिंगपूर्वी ध्वनिलहरींच्या साहाय्याने भिंतीची जाडी मोजणे आवश्यक ठरते.

१९९७ मध्ये कॉर्व्हेट मोटारीत आलेल्या एलएस-१ इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असून त्यात बिडाच्या स्लीव्ह आहेत. याच घराण्यातील बिडाचे ब्लॉक १९९९ पासून पिकअप ट्रकमध्ये वापरले गेले. दोन्हींत प्रत्येक बेअरिंग कॅपला सहा बोल्ट आहेत. ॲल्युमिनियममुळे पुढच्या चाकांवरील भार बराच कमी होतो आणि मोटार वळणांवर चपळ राहते. मात्र एलएस-१च्या स्लीव्ह पातळ असल्याने बोअर वाढवण्यास फारसा वाव उरत नाही. बिडाचा ब्लॉक जड, पण अधिक मजबूत आणि सहसा स्वस्त असतो.

थोडक्यात, टर्बो लावून सरळ शर्यतीत उतरायचे असेल, तर बिडाचा ब्लॉक पसंत करावा; वळणावळणाच्या ट्रॅकसाठी ॲल्युमिनियमचा. रस्त्यावरच्या माफक ताकदीला दोन बोल्टचा निर्दोष ब्लॉकही पुरतो. जुना ब्लॉक घेतल्यास तो स्वच्छ करून आधी तड्यांची तपासणी करावी, नंतर जाडी मोजावी आणि बोअरचे अंतिम माप ठरल्यावरच पिस्टन मागवावेत.